ब्रश दिसताच दिवाणाखाली शिरणारी शिह त्झू: विंचरण्याची सवय पुन्हा कशी लावावी?

विचारणा (कोलशेत, ठाणे)

नमस्कार. आमच्या घरी शिह त्झू या लांब केसांच्या जातीची दहा महिन्यांची कुत्री आहे. तिचे नाव बुंदी. अगदी लहान असताना ती मांडीवर आडवी पडून निवांतपणे अंग विंचरून घेत असे. परंतु पावसाळ्याच्या तोंडावर तिने ब्रशचा असा काही धसका घेतला आहे की, ब्रश ठेवलेला खण उघडल्याचा आवाज झाला तरी ती दिवाणाखाली शिरते आणि कितीही चुचकारले तरी बाहेर येत नाही. पाठीवरून ब्रश फिरवलेला ती कसाबसा सहन करते, मात्र कानामागे, पुढच्या पायांच्या काखेत किंवा मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला हात गेला की अंग आक्रसून घेते, सारखी ओठांवरून जीभ फिरवते आणि शेवटी ब्रशच दातांत पकडते. परवा ती माझ्या सासूबाईंवर प्रथमच गुरगुरली, त्यामुळे घरात सर्वांनाच काळजी वाटू लागली आहे.

यामागे एक कारण आम्हाला ठाऊक आहे. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका ग्रूमिंगच्या (कुत्र्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्या) दुकानात आम्ही तिला नेले होते. तिथे तिला आत नेऊन दार बंद केले गेले आणि दोघांनी धरून, मुसके बांधून, तिच्या अंगावरच्या गाठी ओढून काढल्या. बाहेर बसलेल्या आम्हाला तिचे रडणे ऐकू येत होते, आणि आम्ही आत जाऊन थांबवेपर्यंत बरेचसे काम उरकलेले होते. घरी आणल्यावर पाहिले तर पोटाकडची आणि काखेतली त्वचा लालभडक झालेली होती. ती आता बरी झाली आहे, पण मनातली भीती गेलेली नाही.

सध्या तिच्या छातीपट्ट्याखाली आणि कानांमागे पुन्हा गाठी धरू लागल्या आहेत. रोज दोन वेळा फिरवून आणल्यावर पाय आणि पोट भिजलेलेच असते. सासूबाईंचे म्हणणे असे की, पावसाळा संपेपर्यंत सगळे केस मुळापासून काढून टाकावेत. यजमानांना मात्र तिचे लांब केस मनापासून आवडतात आणि ते राखावेत असे वाटते. केस राखायचे की काढायचे, आणि कोणताही निर्णय घेतला तरी तिला पुन्हा ब्रशची सवय कोणत्या क्रमाने लावावी, याविषयी अनुभवी सदस्यांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.


उत्तर (कोपरखैरणे)

आमच्याकडे पूर्वी पॉमेरेनियन होता आणि त्यालाही विंचरणे मुळीच आवडत नसे. आम्ही एकाने त्याला मांडीवर घट्ट धरायचे आणि दुसऱ्याने भराभर विंचरून मोकळे व्हायचे, अशी पद्धत ठेवली होती, आणि काही दिवसांनी त्याने विरोध करणे सोडून दिले. कुत्र्याच्या मनाप्रमाणे वागत गेल्यास ते डोक्यावर बसते, असे माझे मत आहे. गाठींच्या बाबतीत असे सुचवावेसे वाटते की, अंघोळीच्या वेळी भरपूर शाम्पू लावून केस ओले असतानाच त्या सोडवाव्यात, म्हणजे ओढ कमी बसते.


उत्तर (नेरुळ)

वरील सदस्यांनी आपुलकीने लिहिले आहे, परंतु बुंदीच्या बाबतीत त्यांच्या दोन्ही सूचनांनी त्रास वाढेल असे मला ठामपणे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. माझ्या घरी बऱ्याच वर्षांपासून ल्हासा अप्सो आहेत, आणि त्यांच्या केसांची ठेवण शिह त्झूच्या केसांशी पुष्कळ मिळतीजुळती असते.

आधी केसांविषयी. या दोन्ही जातींचे मूळ तिबेटकडे सांगितले जाते. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर, थंड आणि कोरड्या हवेत वसलेले आहे. वर लांब केस आणि त्यांच्या मुळाशी मऊ, दाट केसांचा दुसरा थर, ही रचना तिथे ऊब देते; आपल्या खाडीकाठच्या हवेत मात्र जुलै-ऑगस्टमध्ये हाच आतला थर दिवसचे दिवस पुरता वाळत नाही. त्यात या जातींचे गळालेले केस जमिनीवर फारसे पडत नाहीत, ते अंगावरच्या केसांतच अडकून राहतात. घर स्वच्छ राहते म्हणून लोकांना ही गोष्ट सोयीची वाटते, पण अडकलेल्या केसांना ओल आणि घासणे मिळाले की त्यांचा गुंता होतो, गुंत्याची गाठ होते आणि दुर्लक्ष झाले तर त्वचेलगत जट तयार होते. कानांमागे, काखेत, छातीपट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आत गाठी आधी धरतात, कारण तिथे सतत काहीतरी घासत असते.

यात बुंदीच्या वयाचीही भर पडली आहे. साधारणपणे आठव्या-नवव्या महिन्यापासून वर्षभराच्या वयापर्यंत पिल्लाचे केस जाऊन प्रौढ केस येतात आणि या काळात दोन्ही प्रकारचे केस एकमेकांत गुंतत राहतात, त्यामुळे काल विंचरलेल्या जागी आज पुन्हा गाठ सापडते. म्हणजे विंचरताना सर्वाधिक दुखण्याचा काळ, पावसाळा आणि त्या दुकानातला प्रसंग, हे तिन्ही तिच्या वाट्याला एकाच वेळी आले. ती हट्ट करीत नाही. ब्रश आला की दुखते, एवढेच तिला अनुभवाने कळले आहे. अशा वेळी घट्ट धरून विंचरल्यास तिचा हा समज आणखी पक्का होईल. धरलेले कुत्रे शांत झाले म्हणजे त्याला सवय झाली, असे गृहीत धरता येत नाही. पुष्कळदा ते सुटकेची आशा सोडून गोठल्यासारखे पडून राहते आणि मग एखाद्या दिवशी कोणतीही सूचना न देता चावते. सासूबाईंवर ती गुरगुरली म्हणून तिला रागावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ओठ चाटणे, जांभई देणे, मान वळवणे, डोळ्यांच्या कडेने पाहणे या तिच्या आधीच्या सूचना होत्या आणि गुरगुरणे ही त्यांच्या पुढची. ती सूचना रागावून बंद पाडली तर चावण्यापूर्वी तिच्याजवळ सांगण्यासारखे काही उरणार नाही.

ओल्या गाठींविषयी: पाणी लागले की गाठ आवळते आणि वाळताना अधिक घट्ट होते. त्यामुळे आधी विंचरणे, मग अंघोळ, मग पूर्ण वाळवणे आणि शेवटी पुन्हा विंचरणे, हा क्रम मोडू नये. याचा अर्थ अगदी कोरडे केस विंचरावेत असाही नाही, कारण त्याने केस तुटतात. कुत्र्यांसाठीचे कंडिशनर पाण्यात अगदी पातळ करून त्याचा हलका फवारा मारावा आणि केस जरासे दमट झाले की काम सुरू करावे. फवाऱ्याच्या आवाजाला ती घाबरत असेल तर तेच पाणी तळहाताला लावून केसांवर फिरवावे.

आता मुख्य मुद्दा. गाठी काढणे आणि ब्रशची सवय लावणे ही दोन कामे एकाच वेळी करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. अंगावर गाठी असताना कितीही हळुवारपणे शिकवले तरी ब्रश कुठेतरी अडकतोच, ओढ बसते आणि तोवर कमावलेला विश्वास जातो. म्हणून आजच्या गाठी एकदाच, तिला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने काढून टाकाव्यात. त्यासाठी केस आखूड करावे लागले तरी चालतील. त्यानंतर मोकळ्या, आखूड केसांवर नव्याने सुरुवात करावी. आपल्या यजमानांना हे सांगावे की, केस पुन्हा वाढतात आणि ते वाढत असतानाच तिची सवयही वाढवता येते.

सवय लावताना जुना ब्रश बाजूला ठेवावा आणि दिसायला अगदी निराळा असा नवीन ब्रश आणावा. जागाही बदलावी, न्हाणीघर किंवा तो खण असलेली खोली नको. पहिले काही दिवस ब्रश फक्त जमिनीवर ठेवायचा. तिने त्याच्याकडे पाहिले किंवा हुंगले की लगेच खाऊचा एक कण द्यायचा, आणि ब्रश उचलून ठेवला की खाऊही बंद करायचा. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी ब्रश दिसावा आणि मग खाऊ यावा, म्हणजे ब्रश ही तिच्या दृष्टीने खाऊ येण्याची वर्दी ठरते. आधी खाऊ दाखवून मग ब्रश काढला, तर हळूहळू तिला खाऊचाच संशय येऊ लागतो. एरवी न मिळणारा खाऊ यासाठी राखून ठेवावा: उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, पनीर किंवा उकडलेला लाल भोपळा. मनुका, द्राक्षे, चॉकलेट, कांदा आणि लसूण कधीही देऊ नयेत, ते कुत्र्यांना विषारी असतात. पीनट बटर देत असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) नाही याची खात्री करावी.

ब्रश पाहून ती स्वतःहून जवळ येऊ लागली की ब्रशची पाठ तिच्या खांद्याला क्षणभर टेकवावी आणि खाऊ द्यावा. त्याची सवय झाली की दात असलेल्या बाजूने एकच हात फिरवावा, मग दोन, मग तीन. खांदा आणि पाठ या सोप्या जागा आहेत, त्यांच्यानंतर छाती घ्यावी. पाय, शेपूट, पोट आणि कान अगदी शेवटी. ती शांत असतानाच थांबावे. ती कंटाळून उठून जाईपर्यंत ताणू नये. मी एका स्टीलच्या ताटलीला चक्का थापून ती ताटली भिंतीलगत ठेवते आणि कुत्रे चाटण्यात गुंतलेले असताना एका बाजूची पाठ विंचरून घेते. चाटण्याने कुत्री शांत होतात. त्यासाठी बाजारात रबरी चटया मिळतात, पण ताटलीनेही काम भागते. चक्का बिनसाखरेचाच हवा.

पुढच्या टप्प्यावर घडी केलेल्या टॉवेलवर हनुवटी टेकवायला शिकवावे. हनुवटी टेकलेली असेपर्यंत विंचरायचे आणि तिने ती उचलताच हात थांबवायचा. थांबवण्याचा अधिकार आपल्याजवळ आहे हे एकदा कळले की कुत्रे आश्चर्य वाटावे इतके सहन करू लागते, आणि दिवाणाखाली जाण्याची गरज त्याला उरत नाही. मात्र हा नियम घरातील प्रत्येकाने पाळायला हवा. एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने "एवढे तरी होऊ दे" म्हणून चार हात अधिक फिरवायचे, असे झाल्यास सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. याला काही आठवडे लागतात आणि घाबरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत काही महिनेही लागू शकतात. कलाकलानेच घ्यावे लागते.


उत्तर (ऐरोली, व्यवसायाने ग्रूमर)

नेरुळच्या ताईंनी गाठी आणि सवय ही दोन कामे वेगळी करायला सांगितली, ते अगदी योग्य आहे. गाठी काढण्याविषयी व्यवसायातील माहिती देतो.

जटेच्या आत त्वचा ओढली गेलेली असते. बाहेरून पाहताना कात्री आणि त्वचा यांत बोटभर अंतर आहे असे वाटते, प्रत्यक्षात त्वचेची घडी जटेत वर आलेली असते आणि कात्री सरळ तिच्यावर चालते. काखेतील आणि कानामागील अशा जखमा घेऊन आलेली कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यामुळे त्वचेलगतची जट घरी कात्रीने कधीही कापू नये. तिथे ट्रिमरच लागतो, आणि तोही १० नंबरच्या पात्याचा, जो साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतो. पाते चालता चालता तापते, म्हणून दर काही मिनिटांनी ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे लागते. जो ग्रूमर हे करीत नाही, त्याच्या हाती कुत्रे देऊ नये.

वाटाण्याएवढी, सुटी गाठ मात्र घरी सोडवता येते. गाठ आणि त्वचा यांच्यामधले केस डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ आपल्या बोटांवर येते, तिच्या त्वचेवर येत नाही. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळावे, त्याने केस सुटे होण्यास मदत होते. मग कंगव्याच्या टोकाच्या दोन-तीन दातांनी गाठीचा बाहेरचा कडेचा भाग थोडा थोडा मोकळा करीत आत यावे. मुळाकडून टोकाकडे सरळ ओढू नये. ताईंनी लिहिलेला फवारा इथे नको, तो गाठी नसलेल्या केसांसाठी. आपल्याकडे अनेक जण खोबरेल तेल लावतात. त्याने एखादी गाठ निसटते खरी, पण तेलकट केसांना धूळ चिकटून चार दिवसांनी त्याच जागी मोठी गाठ धरते आणि कुत्रेही ते चाटत बसते, म्हणून मी तेल सुचवीत नाही.

बुंदीचे केस किती आखूड करावेत याविषयी माझे मत असे आहे की, जटा असलेल्या जागा पात्याने साफ कराव्यात आणि उरलेल्या अंगावर साधारण एक सेंटिमीटर केस ठेवावेत. यालाच पपी कट म्हणतात. सासूबाई म्हणतात तसे सर्वांगावरचे केस मुळापासून काढल्यास त्वचा उघडी पडते. ऊन, डास आणि खरचटणे यांपासून तिला काही आडोसा राहत नाही. जाता जाता पॉमेरेनियन पाळणाऱ्यांसाठी एक सूचना: त्यांच्या केसांची जात निराळी असते, आणि त्यांचे केस मुळाशी कापले तर ते पुन्हा नीट न येण्याचा धोका असतो. शिह त्झूचे केस वाढत राहणारे असल्याने तिच्या बाबतीत ही भीती नाही.

कानांवर जटा असतील आणि त्या काढल्या, तर पुढचे दोन दिवस तिच्यावर लक्ष ठेवावे. जटेचे ओझे एकदम गेल्यामुळे कुत्रे जोरजोराने कान झटकते आणि त्यात कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगू शकते. कान सुजलेला किंवा गरम वाटला तर डॉक्टरांना दाखवावे.

नवीन ग्रूमर निवडताना प्रथम बुंदीला न नेता स्वतः जाऊन यावे आणि काम चालू असताना समोर उभे राहू देता का, हा एकच प्रश्न विचारावा. काही कुत्री मालक समोर असल्यावर जास्त चुळबुळ करतात, हे खरे आहे. तरीही काचेतून तरी पाहू देण्यास हरकत नसावी. पहिल्या भेटीत केस कापूच नयेत. टेबलावर उभे करावे, ट्रिमर बंद असताना अंगाला लावावा, खाऊ द्यावा आणि परत पाठवावे. माझ्या ओळखीचे बरेच जण घरी येऊन काम करतात. दुकानाचा धसका घेतलेल्या कुत्र्यांसाठी ते अधिक सोयीचे पडते.


उत्तर (खारघर, पशुवैद्य)

वर जे लिहिले गेले आहे त्याआधी एक पायरी आहे. विंचरून घेणारे कुत्रे अचानक विरोध करू लागले तर त्याला कुठे दुखत नाही ना, हे तपासून घ्यावे. बुंदीच्या बाबतीत दुकानातला प्रसंग हे कारण पुरेसे दिसत असले, तरी कानामागे आणि मांड्यांजवळ हात नको वाटणे हे कानाच्या आतील संसर्गाचे किंवा गुडघ्याच्या वाटीच्या त्रासाचेही लक्षण असू शकते. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकणे पुष्कळ आढळते. मागचा पाय उचलून धरला की ते दुखते आणि आपल्याला मात्र ती ब्रशला घाबरते असे वाटत राहते.

पावसाळ्यात केसांखाली काय चालले आहे ते वरून दिसत नाही. ओलसर जटेखाली त्वचा गुदमरते आणि तिथे यीस्टचा किंवा जिवाणूंचा संसर्ग होतो. आंबूस वास, तेलकटपणा, एकाच जागी सतत चाटणे किंवा चावणे ही त्याची लक्षणे आहेत. ओला, लाल, पू धरणारा चट्टा दिसू लागला तर तो काही तासांत पसरू शकतो, त्यामुळे उद्यावर टाकू नये. गोचिडीही कानांत, पायांच्या बोटांमध्ये आणि गळपट्ट्याखाली दडतात. आपल्या भागात गोचीडताप वरचेवर आढळतो, म्हणून विंचरताना या जागा बोटांनी चाचपाव्यात आणि गोचीड प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे नियमित चालू ठेवावे. त्वचेचा त्रास पुन्हा पुन्हा उद्भवत असेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवण्याचाही पर्याय आहे. १८८६ साली स्थापन झालेली ही संस्था असून तिथे जनावरांचे रुग्णालय आहे.

फिरून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि टॉवेलने दाबून टिपून घ्यावेत. खसाखसा पुसल्यास तिथेच गाठी धरतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या झाल्याच पाहिजेत. घरी आल्यावर छातीपट्टा लगेच काढून ठेवावा. दिवसभर अंगावर ठेवलेला ओला पट्टा हे काखेतल्या गाठींचे फार मोठे कारण आहे. ड्रायर वापरायचा झाल्यास गार हवेवर, हातभर अंतरावरून वापरावा. शिह त्झू आखूड नाकाची जात असल्याने धापा टाकून अंग थंड करणे तिला अवघड जाते, आणि बंद पिंजऱ्यात गरम हवा सोडून वाळवण्याची पद्धत तिच्या जिवावर बेतू शकते. दुकानात असे करतात का, हे आवर्जून विचारावे. माणसांचा शाम्पू वापरू नये. कुत्र्याच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते आणि आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते. टी ट्री तेल घातलेली घरगुती मिश्रणेही टाळावीत.

तिच्या अंगावर खूप जटा झाल्या असतील आणि ती हात लावू देत नसेल, तर दवाखान्यात तपासणी करून, सौम्य गुंगीचे औषध देऊन एकाच बैठकीत त्या काढता येतात. भीतीच्या आणखी एका अनुभवापेक्षा हा मार्ग मला अधिक दयाळूपणाचा वाटतो. मात्र गुंगीचे किंवा वेदनाशामक औषध घरच्या घरी कधीही देऊ नये. माणसांची आयब्युप्रोफेनसारखी औषधे कुत्र्यांना विषारी ठरतात.


विचारणाकर्तीचा प्रतिसाद (कोलशेत)

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. घरी आम्ही चर्चा केली आणि आधी पशुवैद्यांकडून कान आणि गुडघे तपासून घ्यायचे, त्यानंतर घरी येणाऱ्या ग्रूमरकडून पपी कट करून घ्यायचा, असे ठरवले आहे. यजमानांनीही ते मान्य केले. नवीन ब्रश आणून तो बैठकीच्या खोलीत जमिनीवर ठेवण्यास सुरुवात केली आहे. बुंदी अजून दुरूनच मान लांब करून त्याचा वास घेते, पण पळून जात नाही.

दोन शंका उरल्या आहेत. केस आखूड केल्यावर रोज विंचरण्याची गरज राहील का, आणि ब्रश व कंगवा यांपैकी नेमके काय वापरावे? दुसरी शंका चेहऱ्याविषयी. डोळ्यांवर येणारे केस कापू देत नाही आणि बांधूही देत नाही, त्यामुळे डोळ्यांतून सतत पाणी येते. तिथे हात लावायचीच आम्हाला धास्ती वाटते.


उत्तर (ऐरोली, ग्रूमर)

एक सेंटिमीटरच्या केसांना दिवसाआड विंचरले तरी पुरते. परंतु सवय टिकवण्यासाठी रोज अगदी थोडा वेळ तरी ब्रश अंगाला लागावा, असे मी सुचवेन. केस सहसा महिन्याला एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी कट करून घेतला की पुन्हा जटा धरत नाहीत. केस वाढू द्यायचे ठरवले तर मात्र रोज, भांग पाडून विंचरावे लागेल: एका हाताने केस वर उचलून धरायचे, खाली त्वचेची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून एकेक पदर खाली सोडत मुळापासून टोकापर्यंत विंचरत जायचे. नुसता वरवर ब्रश फिरवला तर वरचे केस रेशमासारखे दिसतात आणि आत जट वाढत राहते. घरी नियमित विंचरूनही जटा धरल्याची तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असते.

ब्रश म्हणून बारीक, वाकड्या तारांचा स्लिकर घ्यावा, पण त्याच्या तारा मऊ असाव्यात. स्वतःच्या दंडावर फिरवून पाहावा. आपल्याला टोचला तर तिलाही टोचणार. एकाच जागी तो वारंवार घासू नये, त्याने त्वचा लाल होते आणि आपण वर्णन केलेला लालभडकपणा बहुधा त्याचाच परिणाम असावा. शेवटी एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा सर्वांगावरून फिरवावा. तो मुळापासून टोकापर्यंत कुठेही न अडकता गेला, तरच विंचरणे पूर्ण झाले असे समजावे.

चेहऱ्याच्या बाबतीत सध्या बांधण्याचा आग्रह सोडून द्यावा. रबर घट्ट बसले तर कपाळाची त्वचा ताणली जाते आणि पुन्हा नवी भीती तयार होते. पपी कटच्या वेळीच नाकाच्या मुळाजवळचे आणि कपाळावरचे केस आखूड करून घ्यावेत. दरम्यान रोज एकदा, ती पेंगुळलेली असताना, डाव्या हाताचा तळवा हनुवटीखाली ठेवून उजव्या हाताने कोमट पाण्यात पिळलेला कापूस डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून खाली नाकाच्या बाजूला फिरवावा आणि लगेच खाऊ द्यावा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा. हे अंगवळणी पडले की त्याच जागी बारीक दातांचा छोटा कंगवा आणता येतो. हनुवटीखालचा हात मात्र तिने मान वळवताच सैल सोडायचा आहे.

या जातीचे डोळे मोठे आणि बाहेर आलेले असतात, त्यामुळे केस घासून किंवा पंजा लागून बुबुळाला जखम होण्यास वेळ लागत नाही. तिने डोळा किलकिला ठेवला, पंजाने चोळला, किंवा डोळ्यावर निळसर झाक दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. घरातला कोणताही जुना थेंबांचा ड्रॉप घालू नये, कारण त्यात स्टेरॉइड असल्यास जखम चिघळते.